तैवानच्या सिनेमातली आजी नेहमी दुसऱ्याच घरी निघालेली असते

आमच्या फिल्म क्लबने यंदा तैवानच्या सिनेमांचा छोटा फेस्टिव्हल केला, थीम होती घर आणि कुटुंब, आणि तो संपल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळतीये, ती एकदा नीट लिहून काढते.

हे सिनेमे बहुतेक वेळ घरातच असतात, तेच जेवणाचं टेबल, त्याच चटया, तोच दरवाजा, पण त्या एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाचं घर वेगळं असतं. आजीचं घर समुद्रापलीकडे चीनमध्ये, कुणाच्या बापाचं घर कधीच न बघितलेल्या जपानमध्ये, पोरांचं घर इथेच, या गल्लीत, एखादीचं घर थेट अमेरिकेत. आणि सगळे एकत्र बसून भात खातायत. कुणी कुणाला सांगत नाही की माझं घर हे नाहीये म्हणून. सांगून उपयोगही नसतो कारण समोरच्याला ते घर दिसतच नाही.

याला कारण तिथला इतिहास, आणि तो थोडा माहीत असला की सिनेमे दुप्पट उलगडतात म्हणून पटकन सांगते. तैवान १८९५ ते १९४५ जपानच्या ताब्यात होतं, म्हणजे ५० वर्षं, एका आख्ख्या पिढीची शाळा जपानीत झाली. १९४५ ला जपान हरलं आणि चीनचं कुओमिंतांगचं (म्हणजे राष्ट्रवादी पक्षाचं) सरकार आलं, मग २८ फेब्रुवारी १९४७ ला लोक रस्त्यावर उतरले आणि पुढे सैन्याने हजारोंनी माणसं मारली, आणि १९४९ मध्ये हेच सरकार चीनमधलं यादवी युद्ध हरून सैनिक, कारकून, मास्तर, बायकापोरं सगळ्यांसकट तैवानला येऊन बसलं. मे १९४९ मध्ये मार्शल लॉ लागला तो उठला जुलै १९८७ मध्ये. ३८ वर्षं! आणि आलेल्या माणसांना वाटत होतं की दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे, मग जाऊच की परत.

आता दिग्दर्शक होउ श्याओ-श्येनचा 'द टाइम टू लिव्ह अँड द टाइम टू डाय' (१९८५). होउ स्वतः १९४७ चा, जन्म चीनच्या ग्वांगडोंगमधल्या मेइश्यानचा, घर हाक्का (स्वतःची वेगळी भाषा असलेला चिनी समाज), तान्हा असताना तैवानला आला आणि दक्षिणेला फंगशानमध्ये वाढला, आणि हा सिनेमा त्याच्याच लहानपणावर आहे. त्यातली एक गोष्ट मला विसरताच येत नाहीये. वडील गेल्यानंतर मोठी बहीण त्यांनी लिहून ठेवलेलं वाचते तेव्हा कळतं की घरात सगळं फर्निचर बांबूचं का होतं. स्वस्त, हलकं, जाताना टाकून देता येईल असं. बापाने चांगलं लाकडी सामान घेतलंच नाही कारण त्याच्या मनात आपण इथे राहायला आलेलोच नाही. आणि तुम्ही सिनेमाभर त्या बांबूच्या खुर्च्या बघितलेल्या असता, तुम्हाला वाटतं गरिबी असेल, तेव्हाची फॅशन असेल, आणि मग एकदम कळतं की ही वाट बघणं आहे, या खुर्चीवर बसून तो माणूस वर्षानुवर्षं परत जायची वाट बघत होता आणि पोरांना एका शब्दाने बोलला नाही.

आणि आजी. आजी सरळ निघतेच. बोचकं घ्यायचं आणि चालायला लागायचं, मेइश्यानला जायचंय, नदीवरचा तो पूल ओलांडला की आलंच गाव, चल रे नातवा. मग रिक्षावाला तिला परत आणून सोडतो आणि घरचे त्याचे पैसे देतात. एकदा नातू खरंच तिच्याबरोबर जातो, वाटेत बर्फाच्या दुकानात ती पुलाचा रस्ता विचारते आणि दुकानदारणीला तिची हाक्का भाषा कळतच नाही, मग दोघं पेरू तोडतात आणि आजी ते पेरू हवेत उडवून झेलून दाखवते, हसते, इतकी खूष असते ती. माझ्या शेजारी एक काकू बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अगं, हिला कुणीतरी एकदा नेऊन सोडा की तिच्या गावाला." मी म्हटलं, "काकू, तेव्हा जायलाच बंदी होती." आणि हे सांगताना माझ्याच लक्षात आलं की तैवानमधल्या लोकांना चीनमधल्या नातेवाइकांना भेटायला जायची परवानगी मिळाली ती नोव्हेंबर १९८७ ला, म्हणजे सिनेमा आला १९८५ ला तेव्हाही थेटरात बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांना तो पूल बंदच होता. त्यांनी तो पेरूचा सीन कसा बघितला असेल?

शेवट मी सांगायला नको पण सांगते, कारण हा सिनेमा कथेसाठी बघायचाच नाहीये. आजी चटईवर पडून असते, सगळ्यांना वाटतं झोपलीये, आणि ती गेलीये हे पोरांना कळतं ते तिच्या हातावर चढलेल्या मुंग्यांवरून. प्रेत न्यायला आलेला माणूस त्या चार भावांकडे बघतो, काय बघतो! काही बोलत नाही. कॅमेरापण जवळ जात नाही. होउचा कॅमेरा बहुतेक वेळा खाली, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला, लांब आणि स्थिर असतो, माणसं दारातून येतात जातात, अर्धा संवाद पलीकडच्या खोलीत होतो, आणि तुम्हाला ऐकू येतं पण दिसत नाही. अनेकांना हे स्लो वाटतं, फेस्टिव्हलमध्येही काही जण मधेच उठून गेले. मला उलट वाटतं की घरातल्या गोष्टी आपल्याला कळतात त्या अशाच, कुणाचा तरी खोकला, बंद दाराआडचं रडणं, स्वयंपाकघरातून अचानक थांबलेला आवाज. लहान असताना आपल्याला घरातलं सगळं असंच तर कळत गेलं.

होउ आणि त्याच्या पिढीचे दिग्दर्शक एकत्र उभे राहिले ते ८० च्या दशकाच्या सुरुवातीला. १९८२ मध्ये कुओमिंतांगच्याच मालकीच्या सेंट्रल मोशन पिक्चर कंपनीने चार नव्या दिग्दर्शकांना घेऊन 'इन अवर टाइम' काढला, पुढच्या वर्षी तीन गोष्टींचा 'द सँडविच मॅन', आणि तिथून तैवान न्यू सिनेमा म्हणतात तो सुरू झाला. गंमत म्हणजे हे लोकपण एक कुटुंबच होते. एडवर्ड यांगच्या 'तैपेइ स्टोरी'त (१९८५) हिरो कोण, तर होउ श्याओ-श्येन, आणि त्या सिनेमासाठी होउने स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. घर गहाण ठेवून काय काढलं, तर एका जोडप्याचं घर कसं होऊच शकत नाही त्याचा सिनेमा. लेखक वू न्येन-जेनचं नाव तर सारखं येत राहतं, होउच्या 'डस्ट इन द विंड'ची (१९८६) मूळ गोष्ट त्याच्या तरुणपणाची, आणि १४ वर्षांनी यांगच्या 'यी यी'मधला थकलेला बाप म्हणून पडद्यावर पण तोच.

'डस्ट इन द विंड' खाणकामगारांच्या डोंगरातल्या गावातला. मुलगा-मुलगी दोघं कामासाठी तैपेइला जातात, तो सैन्यात भरती होतो, ती इकडे दुसऱ्याशी लग्न करते. झालं, एवढीच कथा. पण मला आवडला तो आजोबा, बाहुल्यांच्या खेळाचा म्हातारा कलाकार ली त्येन-लूने केलाय, खरंतर तो ॲक्टिंग करतोय असं वाटतच नाही. नातू सगळं गमावून गावी परत येतो आणि आजोबा त्याला सांगत बसतो यंदा रताळी कशी आली, वेल कसे सांभाळायला लागतात, हवा कशी वाईट होती. सांत्वन वगैरे काही नाही. मुलगा ऐकतो. मला तो सीन फार म्हणजे फारच मोठा वाटला, कारण त्या म्हाताऱ्याला सगळं माहितीये, आणि रताळ्यांबद्दल बोलणं हीच त्याची माया आहे.

'अ सिटी ऑफ सॅडनेस' (१९८९) बद्दल थोडी तक्रार. व्हेनिसचं गोल्डन लायन मिळालेला, २८ फेब्रुवारीवर उघडपणे बोलणारा, लिन घराण्याच्या चार भावांचा सिनेमा, आणि आमच्या क्लबने तो पहिल्याच दिवशी ठेवला. तसं करू नये. नवीन माणसाला कोण कुणाचा भाऊ हेच कळेपर्यंत अर्धा सिनेमा जातो, एक भाऊ तर युद्धात फिलिपिन्सला गेलाय आणि परतच आलेला नाही, धाकटा मुकाबहिरा, फोटोग्राफर, तो टोनी ल्युंगने केलाय. (टोनी हाँगकाँगचा, त्याला तैवानी बोलता येत नव्हतं, म्हणून पात्र मुकं झालं, आणि ते इतकं बरोबर बसलं की आता दुसरं काही सुचत नाही. सगळे ओरडतायत, मारतायत, घोषणा देतायत, आणि एक माणूस चिठ्ठ्या लिहून बोलतोय.) हा सिनेमा बघायच्या आधी चार भावांची नावं कागदावर लिहून घ्या, खरंच. आणि जेवणाच्या टेबलाकडे लक्ष ठेवा. तेच टेबल, मागे ती रंगीत काच, आणि प्रत्येक वेळी टेबलाभोवतीचे पुरुष कमी होत जातात. शेवटी म्हातारा बाप आणि तुरुंगातल्या छळाने वेडा झालेला मुलगा जेवत असतात, आणि मग पडद्यावर अक्षरं येतात की डिसेंबर १९४९ मध्ये राष्ट्रवादी सरकार तैपेइत आलं. म्हणजे या घराचं सगळं संपत होतं त्याच वर्षांत ती बांबूच्या खुर्च्यांवाली मंडळी येत होती! दोन सिनेमे पाठोपाठ बघितले ना तर अंगावर काटा येतो, एका घराला दुसरं घर माहीतच नाही.

आता 'यी यी'. २०००, एडवर्ड यांग, कान्सला बेस्ट डायरेक्टर, जवळपास तीन तास. यांगपण १९४७ चाच, शांघायचा जन्म, तैपेइत वाढलेला, इंजिनिअरिंग शिकून अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये काम करून मग सिनेमात आलेला. त्याच्या सिनेमात गाव नाही, तैपेइचे फ्लॅट, काचा, काचांमध्ये दिसणारी रहदारी. सुरुवातीला लग्न, शेवटी अंत्यसंस्कार, आणि मधे एक कुटुंब ज्यातली आजी कोमात आहे. डॉक्टर सांगतात तिच्याशी रोज बोला. आणि इथे तो सिनेमा उघडतो, कारण कुणालाच काय बोलायचं ते सुचत नाही. आई दोन दिवसांत रडायला लागते, की मी रोज तेच सांगतेय, सकाळी हे केलं दुपारी ते केलं, माझ्या आयुष्यात एवढंच आहे का? आणि ती घर सोडून डोंगरावरच्या मठात जाऊन बसते. नातीला वाटतं कचऱ्याची पिशवी खाली न्यायला मी विसरले म्हणून आजी ती घेऊन गेली आणि पडली, ती आजीपाशी बसून माफी मागत राहते, झोपत नाही. बाप बोलतो पण त्याला स्वतःलाच ते खोटं वाटतं.

आणि आठ वर्षांचा यांग-यांग बोलतच नाही. तो फोटो काढत फिरतो, माणसांच्या डोक्यांचे, मागून. कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही, मग मी दाखवतो. हे वाचायला गोड वाटेल पण सिनेमात ते अजिबात गोड नाहीये, तो पोरगा खरंच काळजीत असतो की सगळ्यांना फक्त अर्धंच दिसतं. शेवटी आजीच्या अंत्यविधीला तो वहीत लिहिलेलं वाचतो आणि जे काही म्हणतो ते मी इथे लिहिणार नाही, तुम्ही बघा. हॉलमध्ये दिवे लागले तरी कुणी उठलं नाही. हा सिनेमा तैवानच्या थेटरांत रीतसर लागला तो २०१७ मध्ये, यांग २००७ मध्ये गेला त्याला १० वर्षं होऊन गेल्यावर. आपल्या गावात आपला सिनेमा लागलेला त्या माणसाला बघायला मिळाला नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आंग लीचं 'ईट ड्रिंक मॅन वुमन' (१९९४) सगळ्यात हाऊसफुल होतं आणि ते बरोबरच आहे. 'लाइफ ऑफ पाय'वाला आंग ली, हो, आणि त्या सिनेमातला समुद्र पण तैवानमध्येच, ताइचुंगच्या जुन्या विमानतळावर मोठी टाकी बांधून तयार केला होता. त्याने सुरुवातीला बापावर तीन सिनेमे केले, 'पुशिंग हँड्स', 'द वेडिंग बँक्वेट' आणि हा, आणि तिन्हींत बाप एकच, नट लुंग सिहुंग. इथे बाप तैपेइचा मोठा शेफ, चू, दर रविवारी तीन मुलींसाठी केवढा स्वयंपाक करतो, आणि मुलींना ते जेवण शिक्षा वाटते. जेवताना प्रत्येक वेळी कुणीतरी काहीतरी जाहीर करतं आणि घर एकेका माणसाने रिकामं होतं. बापाची चव गेलेली असते, मसाला बरोबर झालाय का हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागतं. मधली मुलगी, जिला या घरातून सर्वांत आधी पळायचं होतं, फ्लॅटसाठी पैसेही भरले होते आणि ते बुडाले, तीच शेवटी जुन्या घरात उरते आणि बापासाठी रांधते. तिला लहानपणी स्वयंपाकघरातून हाकललेलं असतं, मोठं शिक म्हणून. तिचं घर तेच होतं, ते स्वयंपाकघर. सुरुवातीच्या त्या कापाकापीच्या सीनबद्दल सगळे बोलतात, मला मात्र शेवटचं सूप जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्साय मिंग-ल्यांगचे दोन होते, त्यावर थोडक्यात, कारण तो माणूस एक तर पूर्ण आवडतो किंवा बसवतच नाही. मलेशियात जन्मलेला, तैवानला येऊन राहिलेला, त्याच्या सिनेमात पुन्हा पुन्हा तेच आई-बाप-मुलगा, तेच नट. 'व्हॉट टाइम इज इट देअर?' (२००१) मध्ये बाप सुरुवातीलाच जातो आणि आई त्याचं ताट वाढत राहते, त्याचा आत्मा यावा म्हणून घरातला उजेड बंद करत सुटते, मुलगा भीतीने रात्री खोलीबाहेर पडत नाही. बोलणं जवळपास नाही. मला घाबरायला झालं, भुतामुळे नाही, दोन माणसं एका घरात एवढी एकटी असू शकतात यामुळे.

नवीन सिनेमांत इतिहास मागे सरकलाय पण वेगवेगळ्या घरांचा तो धागा तसाच आहे. चुंग मोंग-होंगचा 'अ सन' (२०१९) बघितला नसेल तर या आठवड्यात बघा. ड्रायव्हिंग स्कूलमधला बाप, दोन मुलगे, धाकटा सुधारगृहात गेल्यावर कुणी विचारलं की हा सांगतो मला एकच मुलगा आहे. आणि ज्याला तो एकच म्हणतो तो हुशार, समजूतदार मोठा मुलगा, त्याला लपायला कुठेच सावली नाही. मी दुसऱ्यांदा बघितला आणि या वेळी आईकडे बघत होते, ती काही विचारत नाही, नुसतं पुढचं काम करते. 'लिटल बिग वुमेन' (२०२०) ताइनानचा, कोळंबीच्या रोल्सवर संसार उभा केलेली बाई, तिच्या सत्तराव्या वाढदिवशी खबर येते की कित्येक वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला नवरा गेला. आता अंत्यविधी कुणी करायचा, आणि त्याच्याबरोबर शेवटपर्यंत राहिलेल्या बाईचं काय? त्या बाईचं काम करणाऱ्या चेन शू-फांगला यासाठी गोल्डन हॉर्स या तैवानच्या मोठ्या सिनेमा पुरस्कारांत बेस्ट ॲक्ट्रेस मिळालं, आणि त्याच रात्री 'डिअर टेनंट'साठी सपोर्टिंगचं पण, ८१ व्या वर्षी. 'डिअर टेनंट'मध्ये एक पुरुष गेलेल्या जोडीदाराच्या आईची आणि मुलाची काळजी घेतोय, कागदोपत्री फक्त भाडेकरू. तैवानमध्ये समलिंगी लग्न मे २०१९ पासून कायदेशीर आहे, पण कायदा आला म्हणून सासू लगेच सून मानते का, यावर सिनेमा इतक्या शांतपणे बोलतो.

'अमेरिकन गर्ल' (२०२१) बघून हॉलमधल्या कॉलेजच्या मुली रडल्या. २००३, सार्सची साथ, आईला ब्रेस्ट कॅन्सर, म्हणून ती दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसहून तैपेइला परत येते, आणि १३ वर्षांच्या मोठीला परत जायचंय. बापाला वाटतं पोरगी घरी आली. पोरीला वाटतं मला घरातून काढलं. आणि म्हणून मला ती आजी आठवली, बोचकं घेतलेली. ही पण निघालीये पुलाकडे, फक्त दिशा वेगळी.

पुढच्या वेळी क्लबवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. वू न्येन-जेनने स्वतः दिग्दर्शित केलेला 'अ बॉरोड लाइफ' (१९९४) मिळवावा, त्याच्याच बापावरचा, जपानी शाळेत शिकलेला खाणकामगार, फुफ्फुसात धूळ भरलेली, आणि आयुष्यात एकदा माउंट फुजी बघायचा म्हणून तगलेला. तो आणि होउचा बांबूवाला एकाच दिवशी दाखवा, आधी वूचा, मग होउचा. आणि शिह-चिंग त्सोउचा 'लेफ्ट-हँडेड गर्ल' (२०२५) ठेवा, तैपेइच्या नाइट मार्केटमध्ये नूडल्सचा स्टॉल टाकायला आलेली आई आणि दोन मुली, आजोबा पाच वर्षांच्या डावखुऱ्या नातीला सांगतो की डावा हात सैतानाचा, आणि तिला ते खरंच वाटतं. तो मी फोनवर बघितलाय, पण मोठ्या पडद्यावर बघायचाय, ते मार्केटमधले दिवे आणि गर्दी फोनमध्ये मावत नाही. कुणाला माहीत असेल कुठे लागतोय तर सांगा, मी येते.